ईएसआर नॉर्मल, पण महाधमनीचे काय?

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला रक्तवाहिन्यांच्या आजारांवरचा लेख वाचला. कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह सगळे आले. मोठ्या धमन्यांना येणारी सूज मात्र एका ओळीत उरकली. धाकट्या बहिणीला ताकायासू आर्टेरायटिस, म्हणजे अशाच सुजेचा आजार, असल्याने मला ते खटकले.

हा आजार बहुधा चाळिशीच्या आतल्या बायकांना गाठतो. त्याचा भाऊबंद, जायंट सेल आर्टेरायटिस, पन्नाशीनंतर. दोन्हींत धमन्या अरुंद होतात, आणि लक्षही तिकडेच जाते. नाडी लागत नाही, केस विंचरताना हात भरून येतो, हे कळते तरी. पण सुजेने भिंतीतले लवचिक तंतू तुटले की महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी धमनी, सैल पडून फुगू लागते, आणि हा फुगवटा, म्हणजेच अॅन्युरिझम, बहुतेकदा ना दुखतो ना खुपतो. स्टेरॉइडने सूज उतरते, शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर-सीआरपी या रक्ततपासण्यांचे आकडे जागेवर येतात. तुटलेले तंतू काही पुन्हा जुळत नाहीत. जायंट सेलमध्ये तर छातीतला अॅन्युरिझम निदानानंतर कित्येक वर्षांनीही सापडतो. तोवर गोळ्या बंद होऊन फाइल माळ्यावर गेलेली असते! म्हणून रक्ताचा रिपोर्ट चांगला असला तरी धमन्यांचे चित्र दाखवणारी पुढची सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी कधी, हे डॉक्टरांना विचारायलाच हवे.

रक्तदाबाची तऱ्हा आणखी वेगळी. बहिणीच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला की वरचा आकडा 100 च्या आसपास, उजव्याला 150. डावीकडची धमनी अरुंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. तरी डाव्या हातावर मोजून "ताई, बीपी एकदम छान" म्हणणारे भेटतातच. महाधमनी सोसते तो उजवीकडचा दाब. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतील तर पायावर मोजावे लागते.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्सबद्दल तर कुणी बोलतच नाही. महाधमनीच्या अॅन्युरिझमचा धोका असलेल्यांना, दुसरा पर्याय असताना, ती देऊ नयेत असा इशारा अमेरिका आणि युरोपच्या औषध नियामकांनी 2018 मध्येच दिला. साध्या लघवीच्या इन्फेक्शनसाठी गेलात तरी आजाराचे नाव आधी सांगा.

पुरवणीत संधिवाततज्ज्ञ आणि हृदयशल्यविशारद दोघांकडून यावर लिहून घ्यावे. विशेषतः शस्त्रक्रियेच्या वेळेबद्दल: सूज धुमसत असताना टाके घातले तर त्या जोडापाशीच नवा अॅन्युरिझम होण्याची भीती असते, म्हणून शक्य तिथे आधी सूज शमवतात. घरच्यांना हे माहीत नसल्याने "ऑपरेशन का लांबवताय?" असा तगादा ते डॉक्टरांमागे लावतात.

– एक वाचक