वडावरच्या वटवाघळांबद्दल, आप्पांना

ऑस्टिन, टेक्सास

तीर्थरूप आप्पा, माय आणि मोठी माय यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की ग्रामसभेत मारुतीजवळच्या वडाचा विषय निघणार आहे. वटवाघळं फार झाली, फटाके लावून हाकला, नाहीतर फांद्याच छाटा, असं चाललंय म्हणे. "तू त्याच्यातच पीएचडी करतेस, मग मी तिथं काय बोलू?" असं तुम्ही विचारलंत, पण मागे कुट्टीचं मशीन चालू होतं आणि माझं निम्मं बोलणं तुम्हाला ऐकूच गेलं नाही. म्हणून सावकाश लिहायला बसले.

आधी एक सांगते. घाबरणाऱ्याला हसू नका. इथे मी संध्याकाळी काँग्रेस अव्हेन्यूच्या पुलावर लोकांना माहिती द्यायला उभी राहते. या पुलाची १९८० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा खाली जेमतेम पाऊण-एक इंच रुंदीच्या खोल फटी राहिल्या आणि वटवाघळांनी त्या बळकावल्या. तेव्हा इथलेही लोक घाबरले होते, त्यांना मारून टाका म्हणून सह्या गोळा करत होते. मर्लिन टटल नावाचे संशोधक १९८६ मध्ये या गावात राहायलाच आले आणि लोकांशी बोलत राहिले. आज उन्हाळ्यात पुलाखाली पंधरा लाखांपर्यंत वटवाघळं असतात आणि ती बाहेर पडताना बघायला माणसं सतरंज्या अंथरून बसतात. मला रोज तेच प्रश्न येतात: केसांत अडकतात का, आंधळी असतात का, रक्त पितात का. रोज तीच उत्तरं देते, कंटाळा येत नाही. विद्यापीठात सकाळी पोरांची प्रॅक्टिकल्स घेते त्याचा मात्र येतो.

रात्री जाळी लावतो. सापडलेलं वटवाघूळ कापडी पिशवीत घालून काट्याला टांगायचं, मग बाहूचं हाड मोजायचं. वजन बारा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर. एवढंसं पोर, पण चामड्याचा हातमोजा असा कडकडून चावतं की बघत राहावं. अंगाला उग्र वास येतो, तो माझ्या जॅकेटातून जात नाही. माय, काळजी करू नकोस, रेबीजची लस आधीच घेतली आहे, त्याशिवाय हात लावूच देत नाहीत.

आता कपाशीचं. इथे बोंडअळीचे पतंग वटवाघळं खातात. दक्षिण टेक्सासच्या आठ काउंटींमध्ये (आपल्याकडच्या तालुक्यांसारखं समजा) यांच्यामुळे कपाशीचं किती वाचतं याचा हिशोब २००६ मध्ये छापून आला होता: वर्षाला सुमारे ७.४ लाख डॉलर. आपली हिरवी बोंडअळी त्याच पतंगाची भाऊबंद. पण आप्पा, हा मुद्दा वडासाठी वापरू नका. वडावरची मोठी वटवाघळं किडे खात नाहीत, ती फळं आणि फुलांतला मध खातात. किडे खातात त्या ओसरीच्या वाशात राहणाऱ्या बारक्या पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं. ग्रामसभेत कोणी नाक्यावरचा हुशार उठून "मग ही कुठे अळ्या खातात?" म्हणाला, तर तुमचा खरा मुद्दाही वाहून जाईल.

वडावरच्यांची बाजू वेगळी आहे. सातपुड्यातला मोह रात्री फुलतो, त्याच्या फुलांवर ही जातात आणि बिया लांब नेऊन टाकतात. वड-उंबराचंही तेच. केळीला त्यांची गरज नाही, आपल्या केळीत परागीकरणाशिवायच फळ धरतं, तेव्हा रावेरवाल्यांना उगीच गोड सांगू नका. आणि पेरूवाल्या काकांचं नुकसान होतं ते खरंच होतं. त्यांना बागेला बारीक छिद्रांची जाळी नीट ताणून बांधायला सांगा, सैल राहिली तर वटवाघूळ अडकून मरतं.

निपाहबद्दल कोणी ना कोणी बोलणारच. केरळात २०१८ मध्ये माणसं गेली, आपल्याच महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांतही त्या विषाणूचा माग पुण्याच्या शास्त्रज्ञांना लागला. म्हणून अर्धवट खाल्लेलं फळ उचलू नये, मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नये, पोरांना झाडाखाली खेळू देऊ नये. एवढं पाळलं तर पुरे. हाकलल्याने रोग कमी होत नाही. युगांडात किटाका नावाच्या खाणीतली वटवाघळं लोकांनी मारून संपवली. काही वर्षांनी नवी आली, तर त्यांच्यात मारबर्ग विषाणूची लागण आधीपेक्षा जास्त निघाली. माझ्या मते हा एकच दाखला पुरे, तोच आधी सांगा.

दुसरं म्हणजे आत्ता दिवस कसले आहेत बघा. या दिवसांत माद्यांच्या पोटाला पिलं बिलगलेली असतात. वर्षाला एकच पिलू. ४२ अंशांच्या वर ऊन गेलं की मोठी वटवाघळं पंखांनी वारा घेत, अंग चाटत दुपार काढतात आणि तरी मरतात. आपल्याकडे वैशाखात पारा कुठे जातो ते मी तुम्हाला काय सांगू! अशा दुपारी खाली फटाके लावले तर पिलं टपाटप पडतील आणि ती उचलायची कामगिरी पुन्हा गावातल्या पोरांवरच येईल. शिवाय कायदाही बदललाय. १९७२ च्या कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कावळ्या-उंदरांबरोबर उपद्रवींच्या यादीत होती, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. वनखात्याला विचारल्याशिवाय फांदीला कुऱ्हाड लावू नये, एवढं तरी ठरावात लिहून घ्या.

मोठी माय विचारते, "इतली दूर जाईसन वटवाघळंच मोजी राह्यनी का व माय तू?" तिला सांगा, हो, मोजूनच राहिले आहे, आणि त्यासाठी पगारही मिळतो. थोडा मिळतो, पण मिळतो.

बंटीला एक काम. पाकोळ्या अंधारात ज्या आवाजाच्या भरवशावर उडतात तो ऐकायचं यंत्र दिवाळीला आणेन, तोवर त्याने दिवेलागणीला ओसरीतून किती बाहेर पडतात ते वहीत लिहून ठेवावं. वडाखाली यंत्राचा उपयोग नाही, मोठी वटवाघळं त्या आवाजाच्या भरवशावर उडतच नाहीत, डोळ्यांनी बघतात. आणि छान बघतात.

आखाजीच्या आधी बिबडे झालेच असतील. मावशीचा मुलगा मे महिन्यात इकडे येतोय, त्याच्याकडे थोडे द्या, डब्यात घालून, मागच्या वेळी चुरा झाला होता. ग्रामसभेत काय झालं ते रात्री नऊनंतर फोन करून सांगा, तेव्हा इथे सकाळ असते.

तुमची लेक,
वैशाली