गच्चीवरच्या मळ्याबद्दल

प्रिय संज्या,

विडी कामगारांच्या वसाहतीचे नकाशे मिळाले. तळमजला अधिक दोन मजले, पश्चिमेला जेमतेम खिडक्या. सोलापूरच्या उन्हाला हेच हवं. पण गच्ची हिरवी रंगवून ‘सामूहिक भाजीमळा’ लिहिलंयस, त्यावर भांडायचंय.

आधी वजन. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीवर आपण चौरस मीटरला दीडशे किलो भार धरतो. फूटभर जाडीची भिजलेली माती एकटीच पाचशेच्या आसपास जाते. आरसीसीवाल्या इंजिनिअरला हे सांगितलंयस का? शेतीत प्रयोग करणाऱ्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या पठडीतली, पालापाचोळा कुजवून केलेली अमृतमाती वापरलीस तर ओझं बरंच उतरेल, पण हिशेब स्लॅब ओतायच्या आधीच व्हायला हवा.

तू न्यूयॉर्कच्या ‘व्हिया व्हर्दे’चा दाखला देतोस. २०१२ची ती वसाहत मलाही आवडते. परवडणारी २२२ घरं, पायऱ्यांसारख्या चढत जाणाऱ्या गच्च्या, एकीवर सफरचंदं, दुसरीवर भाजीचे वाफे, झाडांना साठवलेलं पावसाचं पाणी. पण बाबा रे, तिथे लिफ्ट आहे! दिवसभर विड्या वळून दमलेली बाई बादली घेऊन तीन जिने चढेल? महिनाभर चढेल. मग गच्चीवर वाळवणं आणि मोडक्या खुर्च्या.

त्यापेक्षा नवी मुंबईतल्या बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज पुन्हा बघून ये. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सात-सात घरं आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती बसवली आणि बैठ्या वस्तीतही हेक्टरी ५०० माणसं सामावली. आता तिथे बरीच घरं पाडून मजले चढलेत, ते दिसेलच. पण दारातलं अंगण कोणाच्या नजरेखाली असतं, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

तू वाफे खाली आण, न्हाणीच्या मागे. आपल्या आज्यांच्या परसात अळू आणि केळ तिथेच असायची. सांडपाणी आधी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून घे, आणि कोथिंबीर-मेथीला ते देऊ नकोस. त्यांना वेगळा नळ. वाफा ज्याच्या-त्याच्या घराच्या नावावर. सामाईक ठेवायचं ते खतखड्डा आणि अवजारं, बस्स. सगळा मळा सगळ्यांचा केलास की पाणी घालायची पाळी नेहमी शेजारणीची असते.

गच्ची सोलर आणि पाण्याच्या टाकीला सोड.

पुढच्या आठवड्यात येतोय. तोवर स्लॅबचं ड्रॉइंग सहीला धाडू नकोस. वहिनींना नमस्कार, आणि शेंगाचटणी बांधून ठेवायला सांग.

तुझा,
अव्या