बंदिस्त बाथरूममध्ये बसवलेला गॅस गिझर आणि न तपासता बंद केलेली तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : गिझरची धोकादायक जोडणी, देखभालीतील हयगय आणि तक्रारीची परस्पर केलेली बोळवण

महोदय,

गेल्या नोव्हेंबरात मी आपल्या कंपनीचा मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा, सिलिंडरवर चालणारा गॅस गिझर ६,४०० रुपयांना विकत घेतला आणि त्याच्या जोडणीचे ७५० रुपये वेगळे भरले. पुण्यातील पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीत सकाळी तासाभरात पाच माणसांच्या अंघोळी उरकायच्या असतात. टाकीचा विजेचा गिझर त्याला पुरत नव्हता. वापरापुरतेच पाणी त्या क्षणी तापवणारे यंत्र म्हणून आम्ही याची निवड केली, आणि पाणी तापवण्याच्या बाबतीत आजही माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार ते कुठे आणि कसे बसवले गेले याबद्दल आहे.

जोडणीसाठी आलेल्या आपल्या तंत्रज्ञाला मी बाथरूमला लागून असलेली ड्राय बाल्कनी दाखवली होती. तिथून पाइप आत घ्यावा लागेल, त्याचे वेगळे १,२०० रुपये होतील, शिवाय पाणी वाटेत गार होईल, असे सांगून आणि 'सगळीकडे आतच लावतात' अशी ग्वाही देऊन त्याने गिझर बाथरूमच्या आतल्या भिंतीवर बसवला. ही बाथरूम सहा फूट बाय चार फूट आहे. तिला दारावर काचपट्ट्यांचा एक झरोका आहे, एवढीच काय ती हवा येण्याची वाट. जळालेला वायू बाहेर नेणारी नळी या गिझरला नाही. तो वरच्या जाळीतून सरळ खोलीत येतो. सिलिंडरपासून गिझरपर्यंत तंत्रज्ञाने साधी हिरवी रबरी नळी टाकली, जिच्यावर आयएसआयची खूण नाही. हे मला पुढे कळले; त्या दिवशी मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण तो आपल्या कंपनीचा माणूस म्हणून आला होता.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी घरातल्या दोघांच्या अंघोळी लागोपाठ झाल्या आणि तिसऱ्या माझ्या सासूबाई आत गेल्या. त्यांचे वय ७३ आहे. थंडीची झुळूक येते म्हणून आम्हीच झरोक्याला आतून प्लास्टिक लावले होते. ही गोष्ट मी लपवत नाही, कारण तसे करणे जिवावर बेतू शकते हे आम्हाला जोडणीच्या वेळी एका शब्दानेही सांगितले गेले नव्हते. पंधरा मिनिटे झाली तरी पाण्याचा आवाज थांबेना आणि हाकेला ओ येईना, म्हणून माझ्या पतींनी दार ढकलून कडी तोडली. सासूबाई पाटावरून कलंडून भिंतीला टेकल्या होत्या. त्यांना बाहेर आणल्यावर आम्ही घरातला ऑक्सिमीटर बोटाला लावला तर त्यावर ९८ आकडा दिसला, आणि आम्ही दहा मिनिटे चक्कर समजून साखरपाणी देण्यात घालवली. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'घरी गॅस गिझर आहे का?' कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने व्यापलेले रक्त आणि ऑक्सिजन असलेले रक्त यांतला फरक घरगुती ऑक्सिमीटरला कळत नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. रक्ततपासणीत विषबाधा स्पष्ट झाली. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर दुपारपर्यंत त्या नीट बोलू लागल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या रात्री घरी आल्यावर मी आपल्याच पुस्तिकेतला आकडा घेऊन बसले. हा गिझर तासाला सुमारे ०.९ किलो गॅस जाळतो आणि एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे तीन अंघोळींच्या अर्ध्या तासात त्याला सुमारे साडेपाच घनमीटर हवा हवी, आणि आठ फूट उंचीच्या आमच्या बाथरूममध्ये हवा आहे तीच मुळी साडेपाच घनमीटरच्या आसपास. ऑक्सिजन कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एलपीजीत मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हे गणित माझ्या आठवीच्या मुलांनाही जमेल. जोडणीला माणूस पाठवणाऱ्या कंपनीने ते आधीच केलेले असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मी फोनवर तक्रार नोंदवल्यावर तिसऱ्या दिवशी आलेल्या दुसऱ्या तंत्रज्ञाने नळ उघडून पाणी तापते का ते पाहिले, दोन सेल बदलले, भेटीचे ४५० रुपये घेतले आणि 'यंत्र सुस्थितीत' असा शेरा लिहिला. ज्योत निळी न राहता पिवळी पडते हे मी त्याला जवळ बोलावून दाखवले. पिवळी ज्योत म्हणजे बर्नरला हवा पुरेशी मिळत नसल्याची खूण आहे. तिची काजळी वरच्या तांब्याच्या पात्यांमध्ये धरते, वाट अरुंद होते आणि ज्वलन आणखी बिघडते. त्याने झाकण उघडले नाही. आमच्या इमारतीत बोअरचे जड पाणी येते, त्यामुळे आतल्या नळ्यांत क्षार साचतात आणि त्या ठरावीक काळाने सौम्य आम्लाने धुवाव्या लागतात, बर्नरही वर्षातून एकदा साफ करावा लागतो, याविषयी दोन्ही भेटींत कोणी काही बोलले नाही. त्याच संध्याकाळी तक्रार निकाली काढल्याचा संदेश आला.

त्यानंतर आपल्या कार्यालयातून मला सांगण्यात आले की जागा ग्राहकाने निवडली होती आणि बंद खोलीत गिझर बसवू नये अशी सूचना पुस्तिकेत आहे. ती सूचना मी शोधली. ती बारीक इंग्रजी अक्षरांत, शेवटून दुसऱ्या पानावर आहे. ती वाचण्याचे पहिले कर्तव्य आपल्या तंत्रज्ञाचे होते, कारण त्याच ज्ञानाचे ७५० रुपये आपण माझ्याकडून घेतले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात सेवेतील त्रुटीबरोबरच वापराबाबत पुरेशी सूचना व इशारा न देणे हेही उत्पादकाच्या दायित्वात धरले आहे.

यंत्रात दोष नाही, हे मान्य करायला मी तयार आहे; म्हणूनच 'यंत्र सुस्थितीत' हे माझ्या तक्रारीचे उत्तर होऊ शकत नाही. आपण तक्रार पुन्हा उघडावी, गिझर आपल्या खर्चाने ड्राय बाल्कनीत हलवून नळी आयएसआय खुणेची बसवावी, बर्नर आणि तांब्याच्या नळ्या उघडून साफ कराव्यात, आणि जोडणीचे ७५० व भेटीचे ४५० असे १,२०० रुपये तसेच रुग्णालयाचा खर्च परत करावा. बिले, रक्ततपासणीचा अहवाल व जोडणीची छायाचित्रे या पत्रासोबत जोडली आहेत.

याहून निकडीची मागणी दुसरी आहे. आमच्याच इमारतीत त्याच तंत्रज्ञाने आणखी तीन गिझर बाथरूमच्या आत बसवले आहेत, आणि त्यांतल्या एका घरात चार वर्षांचे मूल आहे. त्या तिन्ही कुटुंबांना मी स्वतः सांगितले असून त्यांनी वापर थांबवला आहे. पण त्याने शहरात इतरत्र कुठे कुठे जोडण्या केल्या याची नोंद फक्त आपल्याकडे आहे. त्या प्रत्येक घरी आठ दिवसांच्या आत मराठीत लेखी इशारा पाठवावा आणि जागेची तपासणी करावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. तोपर्यंत सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवला आहे आणि सासूबाईंचे पाणी आम्ही स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापवतो.

आपली,
एक ग्राहक, पुणे