मिशन शाळेला दुसरा शिक्षक कधी मिळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मिशनची शाळा म्हटलं की लोकांना शहरातलं कॉन्व्हेंटच आठवतं, टाय-बूट, स्कूलबस, ॲडमिशनसाठी वशिला. खेड्यातली मिशन शाळा कशी चाललीय हे कुणी बघत नाही म्हणून हे पत्र. नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावात चर्चच्या आवारात पहिली ते चौथीची मराठी शाळा आहे, अनुदानित आहे, फी नाही, चाळीसेक पोरं आहेत. ख्रिस्ती घरातली आहेत तशी मातंग, भिल्ल, मराठा, मुसलमान सगळ्यांचीच आहेत आणि बहुतेकांचे आईबाप रोजानं जाणारे. माझी मुलगी तिथंच तिसरीत आहे.

आधीच्या बाई रिटायर झाल्या तेव्हापासून चारही वर्ग एकट्या सरांकडे आहेत. फळ्याचे खडूनं दोन भाग केलेत, डावीकडं पहिलीची अक्षरं, उजवीकडं तिसरीची वजाबाकी, आणि पलीकडच्या खोलीत दुसरी-चौथीची पोरं शुद्धलेखन लिहीत बसलेली. परवा मुलीची वही बघितली, ५२ मधून २७ गेले तर उरले ३५, म्हणजे सातातनं दोन वजा केलेत, हातचा घ्यायचा असतो हे तिला कळलेलंच नाही, आणि त्याच्यावर बरोबरची लाल खूण! सरांना मी दोष देत नाही. चार वर्गांच्या वह्या, खिचडीचा हिशोब, मोबाईलवर रोजची ऑनलाईन माहिती, वर निवडणुकीची कामं, एवढ्यात एक माणूस कुठं कुठं बघणार. केंद्रात मिटिंग असली की शाळा सांभाळायला खिचडी शिजवणाऱ्या ताई असतात, त्या बिचाऱ्या पोरांना गाणी म्हणायला लावतात.

बाहेरनं कुणी पाहुणे आले की सकाळची प्रार्थना बघतात, स्वच्छ युनिफॉर्म, सरळ रांग, पोरं हात जोडून उभी, आणि खूश होऊन जातात. तिसरीतल्या एखाद्या पोराला दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद तरी वाचायला सांगा ना, तेव्हा कळेल.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत. पण हे बोललं की उत्तर मिळतं, अल्पसंख्याक संस्थेला तो कायदा लागू नाही. बरोबर आहे, सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये तसंच ठरवलंय (२०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठानं त्याबद्दल शंका घेतलीय, विषय मोठ्या पीठाकडं पाठवायला सांगितलाय). पण ती सूट समाजाला आपली शाळा आपल्या पद्धतीनं चालवता यावी म्हणून आहे, पोरांना शिक्षकच देऊ नका असं त्यात कुठं लिहिलंय? शाळा चालवणारे ट्रस्टवाले म्हणतात पद मंजूर होत नाही, शिक्षण खात्याचे ऑफिसवाले म्हणतात ट्रस्टचा प्रस्तावच नाही. शाळा व्यवस्थापन समितीत जावं तर अल्पसंख्याक शाळेत तिला फक्त सल्ला द्यायचा अधिकार, म्हणजे आम्ही सह्या करायच्या आणि चहा पिऊन घरी यायचं. तोवर ज्यांना परवडतं ते व्हॅन लावून पोरं इंग्लिश मीडियमला पाठवतायत, पट घसरतोय, आणि उद्या पट नाही म्हणून आहे ते पदही जाईल. झेडपीची शाळा हायवेच्या पलीकडं आहे, पहिलीचं पोर तिकडं एकटं कसं सोडायचं?

राग याचा येतो की याच ट्रस्टची शहरात फी घेणारी मोठी इंग्लिश शाळा आहे आणि तिथं कॉम्प्युटर लॅबपासून सगळं आहे. भाषणं मात्र जुन्या मिशनऱ्यांची. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ ला सुरू झालं, सिंथिया फेरारबाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या, त्यांचं काम बघून जोतिरावांनी पुण्यात शाळा काढली, सावित्रीबाईंनी त्यांच्याकडं ट्रेनिंग घेतलं, हे आम्ही दर कार्यक्रमाला ऐकतो आणि आम्हाला त्याचा अभिमानपण आहे. ज्यांना गावात कुणी शिकवत नव्हतं अशांच्या पोरांना मिशनच्या खेड्यातल्या शाळांनी अक्षरओळख दिली, माझे आजोबा त्यातलेच. त्याच घरातली पोरगी आज तिसरीत अडखळत वाचते हे ट्रस्टींना कसं चालतं?

आमचं मागणं साधं आहे. ट्रस्टनं रिकाम्या पदाचा प्रस्ताव पाठवावा आणि त्याची पोच शाळेच्या बोर्डावर लावावी. पद भरेपर्यंत शहरातल्या शाळेच्या फीतनं तासिकेवर एक बाई नेमाव्यात, डीएड झालेल्या मुली आमच्याच गावात घरी बसून आहेत. शिक्षणाधिकारी साहेबांनी न कळवता एक दिवस यावं आणि प्रार्थना झाल्यावरही थांबावं. आणि पाळकसाहेबांना विनंती, एका रविवारी उपासनेनंतर ट्रस्टींना गावात बोलवा, आम्ही पालक पोरांच्या वह्या घेऊन येतो.

आपला,
एक पालक, नेवासा तालुका, जि. अहिल्यानगर