फायलीत दडवलेला रिपोर्ट

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहायला बसले.

बाबा, लघवीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केलीत आणि रिपोर्ट विम्याच्या फायलीत दडवलात. दिवाळीच्या आवराआवरीत तो आईच्या हाती लागला. पोटातली महाधमनी फुगलेली, ४.२ सेंमी, एवढं वाचून तिची झोप उडाली. तुमचं म्हणणं, दुखत नाही म्हणजे काही नाही. मला दोघांशीही भांडायचंय.

आई, हृदयातून निघालेली ही मोठी नळी पोटात साधारण २ सेंमी रुंद असते. ३ च्या पुढे गेली की तिला एन्युरिझम म्हणतात. भिंत वर्षानुवर्षं झिजते, रक्ताचा दाब काही थांबत नाही, मग कमकुवत जागी फुगवटा येतो. बाबांच्या लुनाच्या टायरला यायचा, तसाच. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली की तो दिसतो.

बाबा, वर्गात तुम्ही फुगा फुगवून दाखवायचात. पहिली फुंकर जड, नंतरच्या सोप्या. तोच हिशोब इथे. दाब तोच राहिला तरी नळी जितकी रुंद, तितका भिंतीवर ताण जास्त. म्हणून डॉक्टर माप धरून बसतात. पुरुषांमध्ये ५.५ च्या आसपास ऑपरेशनचा विचार करतात. त्याच्या आत सहसा फुटण्यापेक्षा ऑपरेशनचाच धोका मोठा. इकडे इंग्लंडमध्ये पुरुष ६५ चा झाला की सरकारी सोनोग्राफीचं बोलावणं येतं, आणि ४.५ च्या आतल्यांना वर्षातून एकदा मोजतात. तेव्हा आई, ४.२ म्हणजे उद्याचं संकट नव्हे. आणि बाबा, मोजणं चुकवायचं नाही.

तुम्ही आइनस्टाइनला पुढे करणार, माहीत आहे मला. त्याला हेच होतं. १९४८ मध्ये डॉ. निसेन यांनी त्याची फुगलेली धमनी सेलोफेनमध्ये गुंडाळली (खरंच, सेलोफेन!) आणि तो पुढे सहा वर्षं जगला. १९५५ मध्ये ती फुटली तेव्हा त्याने ऑपरेशनला नकार दिला. पण फुगलेला भाग काढून तिथे दुसरी नळी बसवण्याचं ऑपरेशन तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. आज वेळ आलीच तर कृत्रिम नळी बसवतात, पुष्कळदा पोट न उघडता, जांघेतून.

आता सिगारेट. गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला जाता, ते रात्री साडेनऊला? आईला ठाऊक आहे, मलाही. एन्युरिझम होण्यामागे आणि वाढण्यामागे तंबाखूइतका मोठा हात दुसऱ्या कशाचा नाही, निदान आपल्या हातातल्या गोष्टींत. बीपीची गोळी रोज. चालायला जा, खुशाल जा.

लघवीच्या इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं सर्रास देतात. एन्युरिझम असलेल्यांना ती शक्यतो देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये दिला. त्यामुळे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी हा रिपोर्ट दाखवायचा.

आई, हे तुझ्यासाठी. पोटात किंवा कमरेत अचानक असह्य दुखलं, घाम फुटला, चक्कर आली, तर गॅस म्हणून ओवा देत बसू नकोस. १०८ ला फोन कर, आणि ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं. रिपोर्टची एक प्रत फ्रिजवर लाव.

हे घराण्यातही चालतं, म्हणून दादालाही पुढेमागे तपासून घ्यावं लागेल. त्याला मी सांगते. तुम्ही सांगितलंत तर तोही रिपोर्ट फायलीत घालेल.

तुमची,
मनू