निळी पिशवी घे

प्रिय मनू,

काल तू बर्लिनहून पाठवलेला बटाट्याच्या सुपाचा फोटो आईने झूम करकरून पाहिला आणि म्हणाली, "पिठलं दिसतंय." मला विचारशील तर पिठलं बरं, ही पतंगाची खळ होती. मिक्सर फिरवलास ना? उकडलेल्या बटाट्याला मिक्सर लावला की आतला स्टार्च सगळा सुटतो आणि चिकटा होतो. श्टुटगार्टला असताना मीही हाच उद्योग केला होता. घरमालकीणबाईंनी पातेल्यात डोकावून फक्त "आख!" म्हटलं आणि पुढच्या शनिवारी मला स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं केलं. ते आता तुला सांगतो.

आधी बटाटे. तिथे पिशवीच्या रंगावर जात कळते. हिरवी पिशवी म्हणजे शिजून घट्ट राहणारे, सॅलडचे. लाल मधले. तुला हवे निळे, 'मेहलिग', म्हणजे पिठूळ. रंग दिसला नाही तर हा शब्द शोध. किलोभर घे, दोन दिवस पुरेल. सोबत 'झुपेनग्र्यून' नावाची जुडी मिळते: गाजर, लीक (जाड कांद्याच्या पातीसारखा), सेलेरीचा कंद, थोडी पार्सली. लीक उभा चिरून पाकळ्या सोडवून धू. आत रेती असते, आणि ती दाताखाली आल्यावरच कळते.

चमचाभर लोण्यावर कांदा आणि जुडीतलं सगळं बारीक चिरून परत, पार्सली मात्र शेवटी वरून घालायला ठेव. मग बटाट्याच्या फोडी, सव्वा लिटर पाणी, एक तमालपत्र. वीस-पंचवीस मिनिटांत फोड सुरीला शरण येते. तमालपत्र काढ आणि आईने दिलेल्या पावभाजीच्या मॅशरने निम्मंच ठेच, निम्म्या फोडी तशाच राहू देत. जायफळ किसून घाल, अगदी चिमूटभर.

आता मायोरान. ही पुडी घरमालकीणबाईंनी हातावर चुरगळली आणि मी थबकलोच. मनू, हा आपला मरवा! आजीच्या वेणीत अबोलीबरोबर असायचा तो. परक्या देशात, डुकराच्या सॉसेजच्या सुपावर आजीच्या वेणीचा वास. मी बाईंना ते समजावायला गेलो, पण माझ्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ बहुधा 'माझी आई केसात सूप माळते' असा झाला असावा. मरवा उतरवताना घाल, उकळला की वास उडतो.

सॉसेज सगळ्यात शेवटी. यात घालतात ते वीनर सॉसेज आधीच शिजवून धुरावलेले असतात, फक्त गरम करायचे. (गंमत बघ, जर्मनीत त्यांना व्हिएन्नाचं नाव, व्हिएन्नात फ्रँकफर्टचं.) आच बंद करून अख्खे सुपात सोड, झाकण ठेव, दहा मिनिटं. उकळत्यात टाकलेस तर साल फुटून सगळी चव पाण्यात जाते. मीठ त्यानंतर, कारण सॉसेज खारट असतात. पाकिटावर 'रिंड' असेल तर गाय, 'श्वाइन' म्हणजे डुक्कर, 'गेफ्ल्यूगल' म्हणजे कोंबडी किंवा टर्कीसारखा पक्षी. काय खायचं ते तू ठरव, पण वाचून ठरव. सामान शनिवारीच आण, रविवारी दुकानं बंद.

बर्लिनहून पॉट्सडॅम लोकलने जवळ आहे. तिथे साँसूसी राजवाड्याच्या बागेत प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या थडग्याची साधी फरशी आहे आणि लोक तिच्यावर फुलांऐवजी बटाटे ठेवतात. १७५६ साली त्याने बटाटा लावायचा हुकूम काढला होता. मी गेलो तेव्हा एका बटाट्याला कोंब आला होता.

दुसऱ्या दिवशी सूप घट्ट होईल, थोडं पाणी घालून मंद आचेवर तापव. सॉसेज उरले तर वेगळे ठेव.

दिवाळीला येताना मायोरानची एक पुडी आण. आजीला डोळे मिटायला लावून हुंगायला देणार आहे. ते कशात घालतात हे तिला तू सांगायचं नाहीस, मी बघतो.

तुझा,
बाबा