छोटी खोली ही पायरी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला थेट संगीत कार्यक्रमांवरचा लेख मी दोनदा वाचला. मैदानांवरचे कार्यक्रम, तिथले अवाढव्य पडदे, तिकिटांसाठी उडणारी झुंबड हे सगळं लेखकाने मन लावून लिहिलं आहे. त्यातलं एक वाक्य मात्र मला टोचलं. छोटे क्लब म्हणजे मोठ्या मंचाकडे जाणारी पहिली पायरी, असं त्यांनी जाता जाता म्हटलंय. त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहायला बसले.

मी अमेरिकेत एका लहान गावात राहते. दिवसा हिशेबाचं काम करते आणि गेली अकरा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी इथल्या एका रूट्स म्युझिक क्लबात साउंड सांभाळते, बिनपगारी. रूट्स म्युझिक हे एकाच प्रकारच्या गाण्याचं नाव नाही. ब्लूज, ब्लूग्रास, डोंगराळ भागातलं जुनं फिडलवादन (फिडल म्हणजे व्हायोलिनच), गॉस्पेल, लुइझियानातलं केजन, अशा घरांत, शेतांत आणि चर्चमध्ये वाढलेल्या संगीताला सगळं मिळून तसं म्हणतात. आमची जागा म्हणजे एका चर्चचं तळघर. खुर्च्या चौऱ्याऐंशी, मंच जेमतेम वीतभर उंच. मध्ये एक खांब आहे, तो काढता येत नाही कारण वरची इमारत त्याच्यावर उभी आहे. मंचापासून शेवटची रांग नऊ मीटरवर. मी टेप लावून मोजलंय.

मोजलं ते एवढ्यासाठी की आवाजाला अंतर कापायला वेळ लागतो. तो सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. आमच्या शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत तो सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्यात पोचतो, म्हणजे बोट तारेवर पडलेलं दिसतं त्याच क्षणी ऐकूही येतं. मैदानात शंभर मीटरवर उभ्या असलेल्याला मंचावरचा आवाज पाव सेकंदाहून उशिरा मिळतो. म्हणून तिथे मध्ये मध्ये स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम थोडा मागे ठेवतात, म्हणजे पुढून येणाऱ्याशी त्याचा मेळ बसतो. ते काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, अवघड काम आहे ते. पण तिथे ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं ते सगळं स्पीकरमधून आलेलं असतं. आमच्याकडे लाकूडही ऐकू येतं.

त्यासाठी शांतता लागते आणि ती आयती मिळत नाही. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीचं माझं शेवटचं काम म्हणजे मागच्या खोलीतल्या फ्रिजचा प्लग काढणं. त्याची घरघर हळू गाण्यात तिसऱ्या रांगेपर्यंत येते. नंतर प्लग लावायचा राहू नये म्हणून मी माझ्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवते. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्लीला हात घातला की प्लग आठवतोच. माझ्या आधी वीस वर्षं साउंड करणाऱ्या आजोबांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलेली ही गोष्ट. मायक्रोफोन कसा लावायचा ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तरी पहिल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झालीच. एक तरुण गायिका आली होती, एकटी, गिटार घेऊन. मागच्या दोन टेबलांवर कुणाचा तरी वाढदिवस होता आणि ती मंडळी गप्पांत रंगली होती. मी तिचा आवाज थोडा वाढवला. त्यांनी गप्पांचा वाढवला. मी आणखी वाढवला. गोंगाटात माणूस नकळत घसा ताणून बोलतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! शेवटी मायक्रोफोनने शिट्टी मारली. तिने कान झाकले नाहीत, फक्त डोळे मिटले. ठरलेली तीन गाणी वगळून तिने कार्यक्रम आवरता घेतला, माझे आभार मानले आणि गिटार पेटीत ठेवली. ते आभार अजून माझ्या मनातून गेलेले नाहीत. आजोबा म्हणाले, "तिथे कमी करायचा असतो." आवाज खाली आला की बोलणाऱ्याला स्वतःचं बोलणं ऐकू येतं आणि बहुतेक जण ओशाळून थांबतात. जे थांबत नाहीत त्यांच्यापाशी जाऊन, वाकून, हळू आवाजात विनंती करायची. हे कामही साउंडवाल्याचंच, असं आता मी मानते.

नॅशव्हिलमधला ब्लूबर्ड कॅफे याच एका गोष्टीसाठी ओळखला जातो. 1982 साली दुकानांच्या एका साध्या रांगेत तो सुरू झाला, जागा जेमतेम नव्वद जणांची, आणि नियम असा की गाणं चालू असताना बोलायचं नाही. तिथे गीतकार बऱ्याचदा मंचावर बसत नाहीत. खोलीच्या मध्यभागी गोल करून बसतात आणि आळीपाळीने आपापली गाणी म्हणतात. त्यातली कितीतरी गाणी दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यातून जगाला माहीत झालेली असतात. ज्याने ते गाणं लिहिलं तो हातभर अंतरावर बसून ते म्हणतोय, थोडं बेसूर का असेना, आणि समोरच्या खुर्चीतला माणूस श्वास रोखून ऐकतोय. याच्या पुढची पायरी कोणती, हे लेखकांनी मला सांगावं.

दोन हिवाळ्यांपूर्वीची एक रात्र सांगते. सत्तरी ओलांडलेल्या एक फिडलवादक आल्या होत्या, साथीला गिटारवर त्यांचा नातू. मध्यंतरानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या चिजेला त्या मायक्रोफोन सोडून मंचाच्या कडेला आल्या आणि माझ्याकडे पाहून तळहात खाली केला. मी आवाज कमी-जास्त करायचा एकेक फेडर खाली ओढला, मग मुख्य आवाजही बंद केला. स्पीकरमधली बारीक सूं सूं थांबली, तेव्हा कळलं की ती इतका वेळ चालू होती. त्यांनी एक संथ वॉल्ट्झ, म्हणजे नाचाची चाल, धरली. पहिल्या चार मात्रांत सगळी खोली पुढे झुकली, खुर्च्यांचा एकच करकर आवाज झाला आणि मग काही नाही. सूर निघण्याआधी गजाच्या केसांचा तारेला होणारा खरखरीत स्पर्श ऐकू येत होता. प्रत्येक ओळ उचलताना त्या नाकाने श्वास घेत होत्या, तो श्वास चालीचाच भाग झाला होता. त्यांच्या बुटाचा ठेका लाकडी मंचातून जमिनीत आणि जमिनीतून माझ्या खुर्चीच्या पायात येत होता. नातवाने गिटार इतकी हळू केली की बोटं हलताना दिसत होती म्हणून ती वाजतेय हे समजत होतं.

शेवटचा सूर संपला आणि गज अजून हवेत होता, तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी चालू लागलं. बहुधा चर्च बंद करायला आलेला माणूस. त्या हसल्या, मान वर करून छताकडे पाहत राहिल्या आणि पावलं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत गज तसाच धरून ठेवला. दार लागल्याचा आवाज आला. मग त्यांनी हात खाली घेतला, आणि मगच टाळ्या.

वाद्यांची गोष्ट निघालीच आहे तर ब्लूग्रासवाल्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुन्या पद्धतीने वाजवणारे ताफे अजूनही एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहतात. गाणारा जवळ, मँडोलिन बाजूला, बँजो जरा तिरपा, मोठा बास मागे. ज्याची वाजवायची पाळी तो पुढे सरकतो, वाद्य मायक्रोफोनपाशी आणतो आणि आपली ओळ संपली की खांदा वळवून मागे जातो. फिडलचा गज शेजाऱ्याच्या डोळ्यात न जाता हे व्हावं लागतं! कुणी कुणाला खुणावत नाही. अशा रात्री मला एकदा पातळी ठरवली की करण्यासारखं काही उरत नाही, कारण आवाजाचं मिश्रण ते पायांनी करतात. हे नऊ मीटरवरून दिसतं. पडद्यावर नुसता चेहरा दिसतो.

आता पायरीच्या मुद्द्यावर येते. बॉब डिलन 1961 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जच्या कॅफे लीनामध्ये गायला तेव्हा त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पुढे तो कुठे पोचला तेही खरं. लेखकांच्या डोळ्यांपुढे अशीच उदाहरणं असणार. पण तो कॅफे लीना स्पेन्सर या बाईंनी पतीबरोबर 1960 मध्ये सुरू केला, पती सोडून गेल्यावर एकटीने चालवला आणि 1989 मध्ये त्या गेल्या तोवर सोडला नाही. आजही तो चालू आहे आणि आजही तिथे शंभराच्या आसपासच माणसं बसतात. या बाई आयुष्यभर दुसऱ्याच्या जिन्याची पायरी होऊन राहिल्या, असं म्हणायला माझं मन धजत नाही.

आणि ब्लूज गाणारे मिसिसिपी जॉन हर्ट? 1928 मध्ये त्यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली, फारशी खपली नाहीत, आणि ते अ‍ॅव्हलॉन या आपल्या गावी शेतीकडे वळले. पस्तीस वर्षांनी, 1963 मध्ये, त्यांच्याच एका गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून शोध घेत एक चाहता त्यांच्या दारात पोचला. उरलेली तीन वर्षं ते गायले. न्यूपोर्टच्या मोठ्या लोकसंगीत महोत्सवातही गायले, पण त्यांचं गाणं मुळात कॉफीहाउसचं होतं. अंगठ्याने खर्जाच्या तारा आळीपाळीने छेडत राहायच्या आणि वर बोटांनी चाल, गळ्यातून शेजाऱ्याशी बोलल्यासारखा आवाज. तो आवाज मोठा करता येतो, पण मोठा केला की ते बोलणं राहत नाही.

गायिका आणि गिटारवादक एलिझाबेथ कॉटन यांचंही तेच. त्या डावखुऱ्या होत्या आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरत. त्यामुळे चाल अंगठ्यावर आणि खर्ज बोटांवर, सगळं उफराटं. वर्षानुवर्षं त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं, साठीच्या पुढे मंचावर आल्या. 1985 मध्ये नव्वदीच्या घरात असताना त्यांना ग्रॅमी मिळालं, ते थेट कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाला. ती उलटी गिटार आणि तो अंगठा बघायला जवळच बसावं लागतं. आमच्याकडे येणारे नवशिके गिटारवाले पहिल्या रांगेसाठी तासभर आधी येतात ते याचसाठी. गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतच नाहीत, नजर हातावर.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण त्याचं रडगाणं गायला मी बसलेले नाही. दारावर जमेल त्यातला मोठा वाटा कलाकारांचा, उरलेल्यात जागेचं भाडं आणि संगीताच्या परवान्याची फी. खुर्च्या लावणं, तिकिटं फाडणं, झाडू मारणं हे सगळं आम्ही स्वयंसेवक करतो. 2020 मध्ये जगातल्या सगळ्या जागांबरोबर आमच्या तळघरालाही कुलूप लागलं. त्या वर्षी इथल्या स्वतंत्र मालकीच्या जागांनी देशभर संघटना बांधली आणि डिसेंबरमध्ये अमेरिकी संसदेने बंद पडलेल्या मंचांसाठी 15 अब्ज डॉलरची तरतूद केली. आम्ही पुन्हा उघडलो तेव्हा पहिल्या रात्री एकावन्न माणसं आली. सगळी ओळखीची, आणि मास्कच्या वरच्या डोळ्यांवरून मी एकेकाला ओळखलं. आजोबा त्यात नव्हते. त्यांची खुर्ची साउंडच्या टेबलाशेजारी अजून आहे, ती आम्ही कुणाला देत नाही.

संपादक महाशय, माझी मागणी मोठी नाही. पुरवणीत मैदानांवरच्या कार्यक्रमांना पानं आहेत, ती राहू द्या. पण आपला एखादा वार्ताहर कधी अशा लहान खोलीत पाठवा. मुलाखत घ्यायला नको, फोटोही नकोत, तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसू दे त्याला. बाहेर पडल्यावर काय ऐकलं तेवढं लिहू दे. आणि आपले जे वाचक नोकरी-शिक्षणासाठी या देशात येऊन राहिलेत, त्यांना सांगावंसं वाटतं की तुमच्या गावात असा क्लब बहुधा आहे, कुठल्या तरी तळघरात किंवा गिटारच्या दुकानामागे. त्याची जाहिरात कुठे दिसणार नाही, ग्रंथालयाच्या फळ्यावर चिकटवलेला कागद शोधा. भाषा कळेल की नाही याची काळजी करू नका. माझी मुलगी चौदा वर्षांची असताना फोन बघत माझ्यासोबत आली होती. बँजोवाल्याने पाचवी तार, ती आखूड असते, दांडीच्या मध्येच सुरू होते, अंगठ्याने सतत वाजवत ठेवली होती. गाणं अर्ध्यात आलं तेव्हा तिने विचारलं, "आई, ती एकच तार तो का थांबवत नाही?" आता ती स्वतः वाजवते. अंगठ्याला घट्टा पडलाय.

या शनिवारी आमच्याकडे केजन मंडळी येणार आहेत. फिडल, दहा बटणांचं छोटं अकॉर्डियन आणि लोखंडी त्रिकोण, जो पूर्वी गवत ओढायच्या दाताळ्याच्या सळईपासून बनवत. अकॉर्डियनला आमच्या खोलीत मायक्रोफोन लागत नाही, त्रिकोणाला तर नाहीच. मला काम कमी आहे, म्हणून लवकर जाऊन खुर्च्या मी लावणार आहे आणि खांबामागची एक उचलून ठेवणार आहे. तिथून फिडलवाल्याचा गजाचा हात दिसत नाही.

आपली,
एक नियमित वाचक